जीप, ट्रेलर आणि मे महिन्यातला कशेडी घाट

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८० च्या आसपास दर मे महिन्यात तुमचं कुटुंब मुंबईहून देवगडला जायचं. पुढे वडिलांची प्रीमियर पद्मिनी, मागे काकांची पेट्रोलवरची सीजे-३बी जीप आणि जीपला जोडलेला दोन चाकी ट्रेलर. पहाटे अंधारात निघणं, घाटात बोनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवणं, चाकामागे दगड लावणं, बंपरला लटकवलेली पाण्याची छागल, सगळं डोळ्यांसमोर आहे. हे का करायचे ते मात्र कधी कुणी समजावून सांगितलं नाही. आता त्याच गाड्या दुरुस्त करून, गोठ्यात पडून असलेला ट्रेलर बाहेर काढून, तोच प्रवास पुन्हा करायचा आहे. काय पाहावं आणि काय टाळावं?

तुम्हाला आठवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सवयीमागे पक्कं कारण होतं. ती कारणं कळली की अर्धी तयारी झालीच. दोन-तीन सवयी मात्र त्या काळीही चुकीच्या होत्या आणि केवळ नशिबाने निभावल्या. त्याही ओघात येतील.

पहाटे निघण्यापासून सुरुवात करू. तो हिशेब घाटाचा होता. पहाटे चारला मुंबई सोडली की पनवेल, वडखळ, माणगाव, महाड करत नऊच्या सुमारास पोलादपूर येतं. म्हणजे कशेडीची चढण ऊन तापायच्या आत संपते. तीच चढण दुपारी एकला घेतली तर इंजिन तेच, ओझं तेच, पण रेडिएटरवर येणारी हवा दहा-बारा अंश जास्त गरम असते. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. सहा माणसं आणि छतावरचा कॅरिअर घेऊन ती दुसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिन जोरात फिरत असतं आणि गाडी मात्र ताशी वीस-पंचवीसनेच चाललेली असते. उष्णता भरपूर आणि समोरून वारा नाही, सगळी भिस्त पंख्यावर. कशेडीला आता बोगदा झाला आहे, तरी वाटेत परशुराम घाट आहे आणि पुढेही चढ-उतार संपत नाहीत. पहाटेची वेळ सोडू नका.

आता ओलं फडकं. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढणाऱ्या बाजूला दाब कमी असतो आणि कमी दाबात द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले सर्वात हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. पंपात अशी वाफ भरली की त्यातला पेट्रोल ढकलणारा पडदा वरखाली होतो, पण पेट्रोल पुढे सरकत नाही. मेकॅनिक याला ‘पंपाने एअर घेतली’ म्हणत.

यातली खरी खोच गाडी थांबल्यावर कळते. चढ संपला, ‘इंजिनला दम खाऊ द्या’ म्हणून लगेच चावी बंद केली की पाणीही फिरायचं थांबतं आणि पंखाही. ब्लॉकमधली उष्णता मग सावकाश पंपात आणि कार्ब्युरेटरमध्ये शिरते. म्हणून गाडी घाटात बंद पडत नसे, घाटमाथ्यावर चहा घेऊन आल्यावर सुरू होत नसे. उपाय असा: चढ संपला की इंजिन लगेच बंद करू नका. दोन-तीन मिनिटं संथ चालू ठेवा, मग बंद करा आणि बोनेट उघडा. एअर घेतलीच तर सुती फडकं भिजवून पिळा आणि पंपावर व पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीवर गुंडाळा. थंडावा येतो तो पाणी उडून जाण्यामुळे. म्हणून फडकं ओलसर हवं, निथळणारं नको. निथळणाऱ्या फडक्याचं पाणी डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना ठिणगीची वीज वाटणारा भाग) पडलं की एकाच्या जागी दोन दुखणी होतात. दहा मिनिटांनी चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. पायाने पंप करत राहू नका. गरम कार्ब्युरेटरमधून आधीच जादा पेट्रोल आत सांडलेलं असतं, त्यात आणखी भर पडते आणि प्लग ओले होतात.

आज यात एक नवी अडचण आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा पडदा ताठ होतो किंवा फुगतो, नळ्या आतून सुटतात आणि त्याचा चुरा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतो. दोन्ही गाड्यांच्या पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचे घाला. नळी बाहेरून चांगली दिसते म्हणून ठेवू नका. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये जो जाड फायबरचा ठोकळा असतो, तो बऱ्याच गाड्यांतून दुरुस्तीच्या वेळी गहाळ झालेला असतो. तो आहे का ते बघा. नुसतं पॅकिंग लावून पंप बसवला असेल तर एअर घेणं कधीच थांबणार नाही.

गाडी तापण्याचं एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे पॉइंट (उघडमीट होऊन ठिणगी पाडणारी जोडी). डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिरा पडलेल्या ठिणगीने पेट्रोल सावकाश जळतं, ताकद कमी मिळते आणि उष्णता जास्त उरते. मग रेडिएटर बदला, थर्मोस्टॅट काढून टाका, काही केलं तरी गाडी तापतेच. निघण्याआधी फट फीलर गेजने मोजा. ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा डिस्ट्रिब्युटर कोणत्या मेकचा बसवलेला आहे त्यावर ठरतो. फट लावली की टायमिंग पुन्हा बघायचं, कारण फट बदलली की टायमिंगही बदलतं. सोबत पॉइंटचा एक संच, रोटर आणि दोन कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) ठेवा. कंडेन्सर गार असताना ठीक चालतो आणि तापला की दगा देतो, त्यामुळे लोक त्यालाच एअर घेणं समजतात आणि तासभर फडकी भिजवत बसतात. फरक ओळखायला एक प्लग काढा, वायरीला लावून बॉडीला टेकवा आणि सेल्फ मारून बघा. काढलेल्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ उडते, म्हणून प्लग त्या भोकापासून लांब टेकवा. निळी, कडक ठिणगी आली तर दोष पेट्रोलचा. पिवळी, मरगळलेली आली तर आधी कंडेन्सर बदला.

रेडिएटरबद्दल दोनच गोष्टी. झाकण दाबाचं असतं. अर्ध्या बारच्या झाकणाखाली पाणी १११ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे गरम गाडीचं झाकण उघडताच दाब जातो आणि आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास थांबा. आणि कोरड्या पडलेल्या गरम इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. तापमानाचा काटा खाली आल्यावर, इंजिन संथ चालू ठेवून, तांब्या-तांब्याने घाला. गळती बंद करायला हळद घालत, त्याने बारीक भोक खरंच बुजतं, पण त्याच हळदीने रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात. पेट्रोलच्या टाकीच्या गळतीवर साबणाची वडी घासत, तो उपाय मात्र चांगला होता, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. गावापर्यंत पोचवतो. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. कापडातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार राहतं. नवी छागल आधी रात्रभर भिजवा, धागे फुगले की गळणं कमी होतं. ती रेडिएटरच्या जाळीसमोर लटकवू नका. आधीच कमी असलेला वारा तीच अडवते.

चाकामागचा दगड ही माझ्या मते सर्वात शहाणी सवय होती. सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी गिअरपेटी) मागे, मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवरच्या एका ड्रमवर असतो. शाफ्ट धरला की डिफरन्शिअलमार्फत (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) मागची दोन्ही चाकं धरली जातात. पण पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललं, की ते चाक उलट फिरू शकतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक सुलट. शाफ्ट जागेवर स्थिर असतो, हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतो, तरी जीप जॅकवरून निसटून उताराला लागते. म्हणून आधी दगड, मग जॅक. दगड उताराच्या बाजूला, जमिनीवरच राहणाऱ्या चाकांना, शक्यतो दोन चाकांना. दगडाऐवजी लाकडाच्या पाचरी करून घ्या आणि त्या दोरीने जीपला बांधून ठेवा. दगडच वापरला तर निघताना तो रस्त्याच्या कडेला उचलून ठेवा. घाटात टाकून दिलेला दगड रात्री मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव घेतो.

आता ट्रेलर. लष्करी जीपबरोबर जो पाव टनी ट्रेलर निघाला, त्याच मापावर नंतरचे बहुतेक ट्रेलर बेतलेले आहेत. रिकामा सुमारे २५० किलो. कच्च्या रस्त्यावर २२५ किलो माल आणि पक्क्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट, असं मूळ माप होतं. ते माप नव्या ट्रेलरचं, हे विसरू नका. तुमच्या ट्रेलरला आणि जीपला २२५ हीच पक्की मर्यादा धरा. कारण ब्रेक. या ट्रेलरला चालताना लागणारा ब्रेक नसतो, फक्त उभा करताना ओढायचा हँडब्रेक असतो. म्हणजे मागचं सगळं वजन जीपच्या चार ड्रमनीच थांबवायचं.

जीप, सहा माणसं, सामान आणि भरलेला ट्रेलर मिळून दोन टनांच्या आसपास जातात. हे दोन टन ३०० मीटर उंचीवरून खाली आणताना जी ऊर्जा निघते, तिने दोन लिटरहून जास्त पाणी पूर्ण उकळून उडून जाईल. ती उष्णता एकतर इंजिनाने घ्यायची किंवा ब्रेकच्या लायनरांनी, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांनी. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरांपासून दूर जातो, पेडल खोल जाऊ लागतं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतलं पाणी शोषलेलं असतं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १४० अंशांना. उकळलं की नळ्यांत वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं दबतं. निघण्याआधी ऑइल पूर्ण बदला, लायनर प्रत्येक चाकाला ड्रमला किंचित घासेपर्यंत पुढे आणून मग तेवढेच सैल करा.

इथेच ती सर्वात वाईट जुनी सवय: पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडणं. ट्रेलर जोडलेला असताना तर कधीच नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर माथ्यावरच टाका, वेग वाढल्यावर नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ठाम दाबा, वेग ताशी २५ वर आणा, सोडा, पुन्हा वाढू द्या. मधल्या वेळात ड्रम गार होतात. सपाटीवर ४०-४५ पुरे. ६० च्या वेगात थांबवायची ऊर्जा ४० च्या सव्वादोन पट असते.

जीपला लो गिअर आहे, मग तो घाटात का वापरायचा नाही, असं मनात येईल. या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नाही आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये डिफरन्शिअल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीवर ती घसरून जुळवून घेतात, कोरड्या डांबरावर घसरत नाहीत आणि ताण गिअरांवर आणि जॉइंटांवर चढत जातो. डांबरी घाटात हाय रेंजमधला दुसरा, गरज पडली तर पहिला. लो फक्त गावच्या चिऱ्यांच्या, मातीच्या वाटेवर.

ट्रेलर भरणं हे जोडण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. जड सामान खाली आणि ॲक्सलच्या किंचित पुढे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जीपच्या मागच्या हुकावर यायला हवा. एकूण ४७५ किलो असतील तर ५० ते ७० किलो. मोजायला घरातला माणसांचा वजनकाटा चालतो. सपाट जागी ट्रेलरच्या चाकांना पाचरी लावा, हुकाच्याच उंचीचा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करा, त्यावर दांडीची कडी टेकवा आणि आकडा वाचा. भार कमी आला तर मागचं सामान पुढे सरकवा. भार फार कमी असला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो आणि ते हेलकावे जीपलाही ओढून नेतात. भार फार जास्त झाला तर जीपचे मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. शेपूट हललंच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा आणि वेग आपोआप उतरू द्या. उलटसुलट स्टिअरिंग फिरवून ते थांबवायला जाऊ नका आणि जोरात ब्रेकही नको.

तुमच्या प्रवासात खरा धोका परतीचा आहे. जाताना ट्रेलरमध्ये वळकट्या, ट्रंका, स्टोव्ह, भांडी असं फुगीर पण हलकं सामान असतं. येताना हापूसच्या पेट्या येतात. एक फळ २५० ग्रॅमचं धरलं तर पाच डझनांच्या पेटीत नुसते आंबेच १५ किलो, लाकडी पेटी आणि पेंढा धरून अठराच्या आसपास. वीस पेट्या म्हणजे ३६० किलो. बारा पेट्यांवर थांबा आणि वळकट्या तेव्हा जीपमध्ये घ्या. पेट्या आडव्या रचून ॲक्सलच्या पुढून सुरुवात करा. ताडपत्री घट्ट बांधा, पण दोन्ही बाजूंना चार बोटं फट ठेवा. पिकायला लागलेला आंबा स्वतः उष्णता सोडतो, कोंडला की तळच्या पेट्या काळ्या पडतात. आणि वाटेत चिपळूणला नातेवाइकांकडे चार पेट्या उतरवायच्या असतील तर त्या मागच्या टोकाच्या उतरवा. पुढच्या काढल्या तर भार मागे जातो आणि जो ट्रेलर चिपळूणपर्यंत सरळ आला तो पुढे कशेडीच्या उतारावर डोलायला लागतो. काहीच बिघडलेलं नसताना असं का होतं, हे मग कुणाला कळत नाही.

ट्रेलर दुरुस्त करताना आधी टायर. रुतून पडलेल्या ट्रेलरचे टायर नक्षी चांगली असली तरी बाजूने भेगाळलेले असतात. बदला, आणि जीपच्याच मापाचे, म्हणजे ६.००-१६ घ्या. मूळ योजनाच तशी होती, एकच स्टेपनी दोघांना चालावी. मग हबची बेअरिंगं काढा, जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुवा, बेअरिंगच्या घासणाऱ्या पट्टीवर खड्डे असतील तर बेअरिंग टाकून द्या. नवं ग्रीस भरून नट चाक जड फिरेपर्यंत आवळा, मग साधारण एक षष्ठांश फेरा सैल करा आणि लॉक पक्का करा. वाटेत पहिल्या ५० किलोमीटरला थांबून हबला हाताची मागची बाजू लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळलेला आहे किंवा ग्रीस संपलं आहे, तसाच पुढे नेलात तर चाक वाटेत निखळेल.

हूक आणि कडी दोन्हींची झीज बघा. कडी आतल्या एका बाजूने पातळ झाली असेल तर वेल्डिंग भरून वापरू नका, नवी घडवून बसवा. हुकाचा जबडा बंद झाल्यावर त्यात पिन घालायचीच. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देऊन जोडा, म्हणजे कडी सुटली तरी दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. लांबी एवढी की पूर्ण वळणावर ताणू नयेत आणि सरळ चालताना रस्त्याला घासू नयेत. पुढचा टेकू वर दुमडून पिन घातल्याशिवाय चाक हलवू नका. मागच्या दिव्यांना अर्थची (वीज परत नेणारी) वेगळी वायर ओढा. हुकातून अर्थ मिळतो खरा, पण ग्रीस लावलेल्या कडीतून तो तुटक मिळतो आणि ब्रेकचा दिवा नेमका हवा तेव्हा लागत नाही.

मागे घेताना छोटा ट्रेलर फार झटपट वळतो. स्टिअरिंगला खालून धरा आणि ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा, तोही बोटभर. कोन वाढला की पुढे घेऊन सरळ करा. अरुंद आळीत सोडवून हाताने ढकलणं सोपं पडतं, मात्र सपाट जागीच आणि पाचर हातात तयार ठेवून.

कागदांचं म्हणाल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. त्याची स्वतःची नोंदणी लागते, जीपच्या नंबरावर तो चालत नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. त्यासाठी आरटीओत गाडी दाखवायला नेताना ट्रेलरचे कागदही घेऊन जा आणि विम्यात ट्रेलरचा उल्लेख करून घ्या.

तुमच्या आठवणीत मुलं ट्रेलरमध्ये वळकट्यांवर बसून गाणी म्हणत जायची. तसं या वेळी करू नका, अगदी गावातल्या गावातही नाही. मुलांना जीपमध्ये बसवायला जागा पुरत नसेल तर एक गाडी वाढवा, किंवा पेट्या बारावरून आठ करा.